जलसंधारणाचे प्रशिक्षण : कोठे घ्यावे, काय शिकावे आणि गावात कसे उतरवावे

उन्हाळ्यात गावात जेसीबी येतो, नाला खोल होतो, बांध पडतात. पहिल्या पावसात पाणी अडते आणि सर्वांना समाधान वाटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र तोच बंधारा गाळाने भरलेला दिसतो आणि हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला विहिरी उघड्या पडतात. बहुतेक वेळा बांधकामात दोष नसतो. हे काम नेमके कशासाठी, याच जागी का, त्यातून किती पाणी मिळणार आणि नंतर ते सांभाळणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरे कामाआधी कोणी लिहून ठेवलेली नसतात.

ही उत्तरे काढायला शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत आणि त्यांपैकी काही वर्धा-नागपूर परिसरातच आहेत. अडचण अशी, की प्रशिक्षणाला जाणारा माणूस प्रमाणपत्र घेऊन परततो, पण गावाच्या हाती काहीच येत नाही. म्हणून प्रशिक्षण कोणतेही असो, एक कसोटी लावा : त्यातून तुमच्या गावाचा लिहिलेला, मोजता येणारा आराखडा तयार झाला का? केळझर (ता. सेलू, जि. वर्धा) परिसर डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. विदर्भातील इतर गावांनाही हीच पद्धत लागू पडते.

केळझर परिसरात जपायचे काय?

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर हे टेकडीवरच्या सिद्धिविनायक मंदिरामुळे सर्वांना माहीत आहे. शेतीच्या दृष्टीने त्या टेकडीचे महत्त्व वेगळे आहे. या भागात बेसाल्ट खडकावर तयार झालेल्या जमिनी आहेत. उतारावर उथळ, मुरमाड बरडी आणि खरडी, मध्यावर मोरंड आणि सखल भागात खोल काळी, असा क्रम साधारणपणे आढळतो. वरच्या बरडीवरून वाहणारे पाणी खालच्या काळीत माती आणून टाकते, धुरे फोडते आणि नाले भरते. जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस कमी नाही, पण तो थोड्या दिवसांत जोरात पडतो आणि मधे मोठे खंड येतात. कापूस, तूर आणि सोयाबीनला त्या खंडात ओल हवी असते. हरभरा आणि गव्हाला हिवाळ्यात विहिरीचे पाणी लागते.

सेलू तालुका एके काळी केळीसाठी ओळखला जात असे. आता त्या बागा फारच थोड्या उरल्या आहेत. बारमाही पाणी मागणारे पीक घेताना गावाच्या पाण्याचा हिशेब किती महत्त्वाचा असतो, हे येथील जुन्या शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी बाब जंगलाची. याच तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्यामुळे परिसरातील अनेक गावांत पाणलोटाचा माथा वनजमिनीत आणि पायथा शेतात, अशी स्थिती असते. वनजमिनीवर ग्रामपंचायत किंवा शेतकरी आपल्या मनाने चर खोदू शकत नाहीत. तेथील काम वन विभागामार्फत, संयुक्त वनव्यवस्थापन समितीला सोबत घेऊन करावे लागते. आराखडा करताना ही रेषा पहिल्याच दिवशी नकाशावर आखून घ्यावी.

चांगल्या प्रशिक्षणातून पाच गोष्टी आल्या पाहिजेत

प्रशिक्षण निवडताना त्याचा कार्यक्रम मागवून घ्या आणि पुढील पाच गोष्टी त्यात आहेत का, ते पाहा.

१. शिवार वाचणे. नकाशावर माथा, उतार, नाले, विहिरी, गट क्रमांक ओळखता येणे. प्रत्यक्ष शिवारफेरी नसलेले प्रशिक्षण अपुरे समजावे.

२. समपातळी रेषा काढणे. ए-फ्रेम किंवा पाण्याच्या नळीचा वापर करून समान उंचीचे बिंदू काढता येणे. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चराच्या १०० मीटर लांबीत १८ घनमीटर म्हणजे १८ हजार लिटर पाणी मावते. पण चर समपातळीत नसेल, तर पाणी एका टोकाला जमून तेथून चर फुटतो आणि खाली घळ पडते. अशा चरापेक्षा चर नसलेला बरा.

३. पाण्याचा ताळेबंद. पावसाचे किती पाणी आले, किती अडले, पिकांना, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, हे मांडता येणे.

४. उद्दिष्ट आणि मोजमाप. 'गाव पाणीदार करणे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'तीन वर्षांनी ठरलेल्या दहा विहिरींत १ फेब्रुवारीला आजच्यापेक्षा एक मीटर जास्त पाणी असावे' हे मोजता येते.

५. जबाबदारी आणि देखभाल. कोणत्या कामाची पाहणी कोण करणार, गाळ कधी काढणार आणि खर्च कोठून येणार, हे ठरवता येणे.

पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी चांगल्या शिकवतात. शेवटच्या तीन गोष्टी अनेकदा राहून जातात. त्यांचा आग्रह प्रशिक्षणार्थींनी धरावा.

महाराष्ट्रातील तीन अनुभव काय सांगतात?

*आधी छोट्या भागावर सराव :* १९९० च्या दशकात नाबार्ड आणि जर्मन सहकार्यातून राज्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला गेला. त्यातूनच १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट (वॉटर) ही संस्था उभी राहिली. या कार्यक्रमात गावाला लगेच पूर्ण निधी दिला जात नसे. आधी क्षमता बांधणीचा टप्पा असे. गावाने शिवाराच्या एका छोट्या भागात स्वतः काम करून दाखवायचे, श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची आणि मगच मोठे काम मिळायचे. हेच त्या गावांचे खरे प्रशिक्षण होते. यात 'नेट प्लॅनिंग' ही पद्धतही वापरली गेली. तंत्रज्ञ प्रत्येक गटात जाऊन शेतकरी पती-पत्नी दोघांशी बोलतो आणि त्या शेतात कोणती उपचारपद्धती घ्यायची ते जागेवर ठरते. आपल्या धुऱ्यावर काय होणार हे माहीत असलेला शेतकरी तो धुरा सांभाळतो.

*गावाने निवडलेली माणसे पाठवणे :* पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली. गावाने निवडलेल्या पाच जणांना चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण आणि त्यानंतर ४५ दिवस श्रमदान, अशी तिची रचना होती. २०१७ च्या स्पर्धेत वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्या गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. काकडदऱ्याला लागलेली माती आणि उतार आपल्यासारखेच आहेत. त्यामुळे 'हे पश्चिम महाराष्ट्रातच जमते' या म्हणण्यात अर्थ नाही. एक माणूस शिकून आला तर त्याला गावात कोणी विचारत नाही. पाच जण एकच भाषा बोलू लागले तर ग्रामसभा ऐकते.

*पाणी आल्यावर ते वाटणे :* अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणी अडवण्याइतकेच पाणी वापरण्याचे नियम महत्त्वाचे मानले. सिंचनासाठी बोअरवेलवर बंदी, ऊस आणि केळीसारख्या पिकांना मनाई आणि दरवर्षी पावसाच्या आकड्यावरून पाण्याचा ताळेबंद, हे नियम ग्रामसभेने केले. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यापासून ही शिस्त टप्प्याटप्प्याने बसत गेली. संधारणाने पाणी वाढले आणि त्याच वर्षी चार नव्या बोअर पडल्या, तर वाढलेले पाणी त्या चौघांचे होते. हा प्रश्न कोणत्याही तांत्रिक प्रशिक्षणाने सुटत नाही. तो ग्रामसभेतच सोडवावा लागतो.

ताळेबंद कसा मांडावा : एक उदाहरण

खालील आकडे कोणत्याही एका गावाचे नाहीत. पद्धत समजावी म्हणून सोपे आकडे घेतले आहेत. प्रवाही पद्धतीने एका पाळीला ६० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ६०० घनमीटर पाणी धरले आहे. (१ मिलिमीटर पाणी १ हेक्टरवर म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १० हजार लिटर.)

- हरभरा ४० हेक्टर, २ पाळ्या : ४८,००० घनमीटर
- गहू १५ हेक्टर, ५ पाळ्या : ४५,००० घनमीटर
- केळी ३ हेक्टर, पावसाव्यतिरिक्त वर्षभरात सुमारे १,५०० मिलिमीटर : ४५,००० घनमीटर
- १,००० लोकसंख्या, माणशी रोज ५५ लिटर : सुमारे २०,००० घनमीटर
- ३०० मोठी जनावरे, रोज ४० लिटर : सुमारे ४,४०० घनमीटर

एकूण गरज सुमारे १ लाख ६२ हजार घनमीटर. समजा, पावसाळ्यानंतर विहिरी, नाले आणि तळी मिळून १ लाख ४५ हजार घनमीटर पाणी वापरता येईल असा अंदाज निघाला. तूट सुमारे १७ हजार घनमीटर.

आता उपाय तोलून पाहा.

- ५ हजार घनमीटर साठ्याचा एक सिमेंट नाला बांध हंगामात दोनदा भरला, तर जास्तीत जास्त १० हजार घनमीटर. त्यातले काही बाष्पीभवनात जाते.
- ८ हेक्टर गव्हाच्या जागी हरभरा घेतला, तर हेक्टरी १,८०० प्रमाणे १४,४०० घनमीटर वाचतात.
- ४० हेक्टर हरभऱ्याला तुषार संचाने एका पाळीत ६० ऐवजी ४० मिलिमीटर पाणी दिले, तर १६,००० घनमीटर वाचतात.

नवा बंधारा न बांधताही शेवटच्या दोन उपायांनी तूट भरून निघते. याचा अर्थ बंधारे नकोत असा नाही. पण कोणत्या कामाने किती पाणी मिळते, हे समोर ठेवल्याशिवाय पैसा आणि श्रम कोठे घालायचे ते ठरवू नये. या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते : ३ हेक्टर केळी आणि १५ हेक्टर गहू यांना सारखेच पाणी लागले. गावाने कोणता पर्याय निवडावा हे बाहेरच्या तज्ज्ञाने सांगायचे नाही. पण निवड करताना आकडा सर्वांसमोर असावा.

आपल्या गावासाठी पाऊस, भूजल पुनर्भरण आणि अपधाव यांचे प्रमाण तालुका कृषी अधिकारी कार्यालय आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून घ्यावे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) गावपातळीवर सूक्ष्म नियोजन आणि पाण्याचा ताळेबंद करण्याची पद्धत वापरली गेली. पहिल्या टप्प्यात वर्धा जिल्ह्याचाही समावेश होता. आपल्या किंवा शेजारच्या गावाचा असा आराखडा झाला असेल, तर तो मागून घ्या. सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

'यामुळे काय होईल?' ही साखळी लिहा

जगभरातील निसर्गसंवर्धन संस्थांनी एकत्र येऊन २००४ मध्ये प्रकल्प नियोजनाची एक समान पद्धत प्रसिद्ध केली. ती 'कॉन्झर्व्हेशन स्टँडर्ड्स' या नावाने ओळखली जाते. तिची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. स्थिती तपासा, नियोजन करा, अंमल करा, निष्कर्ष काढून सुधारणा करा आणि शिकलेले इतरांना सांगा, असे तिचे पाच टप्पे आहेत. निसर्गसंवर्धन प्रकल्पांसाठी तयार झालेली ही पद्धत गावाच्या पाणलोटालाही लागू पडते. त्यातली सर्वांत उपयोगी सवय म्हणजे परिणामांची साखळी लिहिणे.

उदाहरणार्थ : टेकडीच्या उतारावर समतल चर काढले आणि चराईबंदी पाळली → गवत वाढले → मातीची धूप कमी झाली → नाला बांधात गाळ कमी आला → बांधाचा साठा टिकला → खालच्या विहिरींची पातळी वाढली → हरभऱ्याला दुसरे पाणी मिळाले.

साखळी लिहिली की कच्चा दुवा लगेच दिसतो. वरील साखळीत तो चराईबंदीचा आहे. गावात शेळ्या पाळणारी, बहुतेक भूमिहीन कुटुंबे असतात. टेकडी बंद केली तर त्यांच्या शेळ्यांनी चरायचे कोठे? याचे उत्तर आराखड्यात नसेल, तर चराईबंदी एका पावसाळ्यापुरतीच टिकेल. टेकडीचे तीन भाग करून आळीपाळीने बंद ठेवणे, गवत वाढल्यावर कापून नेण्याचा पहिला हक्क त्या कुटुंबांना देणे, धुऱ्यांवर चारा लावणे, असे पर्याय त्यांच्याशी बोलून ठरवावेत. संधारणाचा भार एकावर आणि लाभ दुसऱ्याला, अशी योजना टिकत नाही.

प्रशिक्षण कोठे मिळेल?

*शेतकरी आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी*

- कृषी विज्ञान केंद्र, सेलसुरा (ता. देवळी) : डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत हे केंद्र आहे. शेतातच ओल टिकवण्याच्या पद्धती येथे विचारून घ्याव्यात. उदा. रुंद वरंबा सरी, उताराला आडवी पेरणी, डवऱ्याला दोरी गुंडाळून काढलेल्या सऱ्या.
- आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) : शेतकरी गटांच्या अभ्यासदौऱ्यांसाठी आणि शेतीशाळांसाठी तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडे मागणी नोंदवावी. मागणी गटाच्या नावाने आणि लेखी असावी.
- पानी फाउंडेशन : मराठीतील प्रशिक्षण चित्रफिती विनामूल्य पाहता येतात. ए-फ्रेम, समतल चर, दगडी बांध यांची कृती त्यात सविस्तर दाखवली आहे. संस्थेने २०२२ पासून गटशेतीसाठी फार्मर कप सुरू केला. ग्रामसभेआधी चावडीवर अशा दोन चित्रफिती दाखवल्या तर चर्चा नेमकी होते.
- वॉटर संस्थेचे प्रशिक्षण केंद्र, दरेवाडी (ता. संगमनेर) : पाणलोट विकासाचे काम झालेल्या गावातच शिकण्याची सोय येथे आहे. अभ्यासदौऱ्याला जाताना तेथील तंत्रज्ञासोबतच तेथील शेतकऱ्यालाही प्रश्न विचारा : कोणते काम फसले? गाळ कोण काढतो? भांडणे कशी मिटवता?
- हिवरे बाजार : नियम कसे झाले आणि कसे पाळले जातात, हे पाहण्यासाठी. येथे सरपंच, ग्रामसेवक आणि किमान दोन महिला सदस्य यांनी एकत्र जावे.

*कृषी सहाय्यक, ग्रामसेवक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी*

- वनामती, नागपूर : वसंतराव नाईक राज्य कृषी विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षणाची ही संस्था केळझरपासून सर्वांत जवळची मोठी प्रशिक्षण संस्था आहे.
- वाल्मी, छत्रपती संभाजीनगर : जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत पाणलोट, सिंचन आणि पाणीवापर संस्था यांवर प्रशिक्षण होते.
- यशदा, पुणे : ग्रामपंचायत विकास आराखडा आणि लोकसहभागाच्या पद्धतींसाठी.
- मॅनेज आणि राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायतराज संस्था, हैदराबाद : राष्ट्रीय पातळीवरील, काही ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी.
- नकाशे : महाभूनकाशावर गटाचा नकाशा आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहचित्रे पाहता येतात. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र जमीन आणि पाण्याचे नकाशे तयार करते.

*जंगलालगतच्या गावांसाठी*

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांलगतच्या गावांसाठी राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यात ग्राम परिस्थितिकी विकास समिती सूक्ष्म आराखडा करते. आपले गाव तिच्यात येते का, याची खात्री वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक गावांत ही नोंदवही कपाटात पडून असते. ती काढा. टेकडीवर पूर्वी कोणती गवते आणि झाडे होती, हे त्यात असेल तर लागवडीसाठी रोपे निवडताना उपयोग होईल. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

प्रशिक्षणाचे शुल्क, तारखा आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून लेखी माहिती घ्यावी.

कोणाला पाठवावे?

ग्रामसभेत नावे ठरवावीत. पाच जणांचा गट असा असावा : माथ्यावरचा एक शेतकरी, पायथ्याचा एक शेतकरी, बचत गटातील एक महिला, पशुपालक किंवा भूमिहीन कुटुंबातील एक जण आणि मोबाइल व नकाशा सहज हाताळणारा एक तरुण किंवा तरुणी. पाचही जण एकाच पुढाऱ्याच्या घरातील किंवा एकाच वस्तीतील नसावेत. चार दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर ती कशी भरून द्यायची हेही त्याच सभेत ठरवा. नाहीतर ज्याला मजुरी सोडणे परवडते तोच जातो आणि आराखडाही त्याच्याच शेताचा होतो.

वर्षाचे वेळापत्रक

- ऑक्टोबर : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पावसाचा आकडा आणि विहिरींची पातळी वाचून ताळेबंद मांडावा. रब्बीची पेरणी त्यावर ठरवावी.
- नोव्हेंबर-डिसेंबर : प्रशिक्षण आणि अभ्यासदौरा. कापूस वेचणीचे दिवस लक्षात घेऊन तारखा मागाव्यात.
- जानेवारी : शिवारफेरी आणि आराखड्याचा कच्चा मसुदा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचन.
- फेब्रुवारी-मार्च : तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, वनजमिनीसाठी वन विभागाशी पत्रव्यवहार. कोणते काम कोणत्या योजनेतून होईल ते ठरवणे.
- एप्रिल-मे : काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे न्यावे.
- जून-सप्टेंबर : मोठ्या पावसानंतर २४ तासांत पाहणी. चराच्या भरावावर गवताचे बी टाकणे, फुटलेले भाग लगेच बुजवणे.

परतल्यावर पहिले ३० दिवस

पहिल्या आठवड्यात प्रशिक्षणार्थींनी गावाला अहवाल द्यावा. तोंडी चालेल, पण सर्वांसमोर असावा. दुसऱ्या आठवड्यात एकच छोटा ओघळ निवडून त्याची माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायी फेरी करावी. ज्यांची शेते त्या ओघळावर आहेत ते सर्व सोबत हवेत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच शेतात ए-फ्रेमने समपातळी रेषा काढून दाखवावी. चौथ्या आठवड्यात एका पानाचा आराखडा लिहावा. त्यात पुढील रकाने पुरेसे आहेत : काम, गट क्रमांक, उद्देश, माप, खर्च, कोण करणार, परिणाम कशावरून मोजणार, देखभाल कोणाकडे.

पहिल्या वर्षी एवढाच ओघळ करावा. एका ओघळाचे काम नीट दिसले की शेजारचे शेतकरी स्वतः विचारायला येतात.

नोंद ठेवणे : खर्च थोडा, उपयोग मोठा

शिवारातील दहा विहिरी निवडा : तीन माथ्याच्या, चार मध्यावरच्या, तीन पायथ्याच्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करा. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी, त्याच खुणेपासून टेपने पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर वाढले, तर सुमारे २८ हजार लिटर साठा वाढला. शाळेतील मुलांना हे काम आवडते आणि ते चोख करतात. शाळेत पर्जन्यमापक बसवला तर पावसाचा आकडाही गावाचा स्वतःचा होतो.

संधारणाचे काम झालेल्या ओघळातील विहिरी आणि काम न झालेल्या ओघळातील विहिरी, दोन्हींची नोंद ठेवा. पाऊस चांगला झाला म्हणजे सगळ्याच विहिरी भरतात. दोन्हींची तुलना केली तरच कामाचा परिणाम किती ते कळते. पातळी वाढली नाही, तर तेही लिहा. पुढच्या वर्षी काय बदलायचे ते त्यावरूनच ठरते.

टाळण्याच्या चुका

- माथ्यावर उपचार न करता थेट नाल्यात बंधारा बांधणे. वरची माती दोन-तीन पावसाळ्यांत तो भरून टाकते.
- भूजल तज्ज्ञाचा सल्ला न घेता नाला कठीण थरापर्यंत खोल करणे. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी उलट नाल्याकडे पाझरू शकते.
- शेततळे पुनर्भरणासाठी समजून त्यात विहिरीचे पाणी उपसून भरणे. भूगर्भातले पाणी वर आणून उन्हात वाळवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.
- धुरा घालताना जादा पाणी बाहेर पडण्यासाठी सांडवा न ठेवणे. काळ्या जमिनीत पाणी साचून तूर आणि सोयाबीन पिवळे पडते, आणि मग शेतकरी स्वतःच धुरा फोडतो.
- कामाचा संपूर्ण निधी बांधकामावर खर्च करणे. गाळ काढणे आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम सुरुवातीलाच वेगळी ठेवावी. काढलेला गाळ बरडी आणि खरडी जमिनीवर पसरण्यापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रशिक्षणाच्या अहवालात किती जण आले हे लिहावे लागते. त्याखाली आणखी एक ओळ स्वतःसाठी लिहा : प्रशिक्षणानंतर साठ दिवसांनी किती गावांत आराखड्याचे पान तयार झाले? ज्या गावात झाले नाही तेथे पुन्हा वर्ग भरवण्याऐवजी एक दिवस शिवारफेरीला जा. अनेकदा अडलेली गोष्ट तांत्रिक नसते. दोन धुरेकरी बोलत नसतात, वनजमिनीची हद्द स्पष्ट नसते किंवा अंदाजपत्रक करणारा अभियंता आलेला नसतो. अशी अडचण कोणत्या कार्यालयात सुटेल हे तुम्हाला ठाऊक असते, गावाला नसते.

या हंगामात सुरुवात करायची असेल, तर निधीची वाट पाहू नका. दहा विहिरींवर खुणा करा, पहिली नोंद घ्या आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'पाण्याचा ताळेबंद आणि प्रशिक्षणासाठी पाच नावे' हा विषय घालण्याचा अर्ज ग्रामसेवकांकडे द्या.